‘लहान’ आणि ‘मोठा’ पंधरा दिवस बंद

“मॅडम, पोरगा मोठा झाला, पण जबाबदारी म्हणून घेत नाही.” समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. त्यातल्याच एका घराची गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

सोलापूरच्या पूर्व भागातलं कुटुंब. वडील टॉवेलच्या कारखान्यात, मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. ठिणगी पडली गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेवरून. त्याला रात्री मित्रांबरोबर मोटरसायकलवरून होम मैदानावर जायचं होतं. वडील म्हणाले, “तू अजून लहान आहेस.” त्याच आठवड्यात लाइटबिल भरायचं राहिलं, तेव्हा मात्र, “तुझ्या वयात मी मागावर रात्रपाळी करायचो!” पोरगंही कमी नाही. गाडी मागताना मोठा, बिल आलं की “माझं बारावीचं वर्ष आहे.” वर रील्समधलं ज्ञान: “पंचविशीपर्यंत मेंदू पूर्ण तयारच होत नाही, मॅडम.”

हे अर्धंच खरं. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळा-सतरा वर्षांची मुलं जवळपास मोठ्यांइतकाच नीट करतात. मित्र भोवती असले, डोकं तापलं, की ब्रेक उशिरा लागतो. म्हणजे बिलाचा हिशेब याला आत्ताच जमेल. रात्री तिघांनी एका गाडीवर बसायचं की नाही, हे तिथं ठरवणं अवघड जाईल. आणि गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ शिवाय मिळत नाही. वडिलांना ‘लहान’ म्हणायची गरजच नव्हती.

म्हणून पंधरा दिवस हे दोन्ही शब्द बंद ठेवायला सांगितलं. जे हवं, ज्याची भीती वाटते, ते थेट बोलायचं. वडिलांना फार जड गेलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मित्रांनी डिवचलं तर हा नाही म्हणणार नाही, त्याची धास्ती वाटते.” मग, मी विचारलंही नव्हतं, “रात्रपाळी काय हौसेनं केली व्हय? शाळा सुटली म्हणून उभा राहिलो.” पोरानं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

लाइटबिल त्याच्याकडे आलं. पहिल्याच महिन्यात तारीख चुकली, दंड बसला. वडिलांनी ओठ घट्ट मिटून घेतले. गड्ड्याला तो संध्याकाळी चालत गेला, दहाच्या आत परतला. (दहा वाजून वीस मिनिटं, असं आईचं म्हणणं.)

पुढच्या भेटीत वडील सुरू झाले, “अरे, तू अजून ल...” आणि थांबले.

“बोला अप्पा, बोला,” पोरगं हसत म्हणालं.