डॉक घेताना आधी मागची बाजू बघ

अरे, म्युझिक प्लेअर बसवायच्या डॉकचं रूप नंतर बघ, आधी तो फिरवून मागे 'लाइन आउट', म्हणजे आवाज बाहेर नेणारा जॅक, आहे का ते पाहा. नुसता चार्ज करणारा डॉक म्हणजे महागडा स्टँड. लाइन आउटचा आवाज प्लेअरमधल्या, आवाज वाढवणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्पला वळसा घालून, ठरावीक पातळीवर येतो. त्यात हेडफोन थेट लावू नकोस, मध्ये वेगळा अ‍ॅम्प हवा. खरं सांगू? साधे ३२ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) हेडफोन असतील तर प्लेअरचाच जॅक पुरतो. ३०० ओहमचे असतील तर अ‍ॅम्पवर पैसे घाल.

जुना आयपॉड असेल तर जोडणीच्या पिना मोज. २०१२ मध्ये अ‍ॅपलचं लायटनिंग हे नवं, छोटं कनेक्टर आलं, पण आयपॉड क्लासिक शेवटपर्यंत ३० पिनांवरच राहिला.

आता मुख्य गोष्ट. तुझी खोली वेंगुर्ल्यात, खिडकी समुद्राकडे. खारी हवा पिना खाते. माझ्या पहिल्या डॉकचा एका पावसाळ्यात डावा आवाज गेला, मी उगाच हेडफोनला शिव्या घालत बसलो. पिनांवर हिरवट थर! आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, आवाज परत. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. आणि लाइट गेली की अडॅप्टर काढ, परत येताना व्होल्टेज उसळतं.