पाच फूट नऊ इंच, आणि किती वाव?

न्यू जर्सीच्या ताईंना सप्रेम नमस्कार,

पत्र वाचलं, सोबत पाठवलेले तिन्ही सामनेही बसून पाहिले. चिरंजीव डिव्हिजन वनच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेज-क्रीडेतल्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, एका मध्यम कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, फायनान्स विषय, बास्केटबॉल संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा. संघाच्या यादीत उंची पाच अकरा, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या पेन्सिलच्या खुणेप्रमाणे पाच नऊ. उन्हाळ्यात एका बँकेत इंटर्नशिप मिळते आहे, त्याला ती सोडून एनबीएसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगसाठी, पूर्णवेळ सराव करायचाय. बाबा म्हणतात, "या उंचीला तिथे कोण विचारतंय?" मुलगा मग्सी बोग्सचं नाव पुढे करतो. आणि तुम्ही दोघांच्या कात्रीत.

आपण दारावरची खूणच खरी धरू. एनबीएवाले 2019 पासून बूट काढायला लावून मोजतात.

बोग्सला आधी बाजूला ठेवू. पाच फूट तीन इंचांचा माणूस एनबीएत 14 हंगाम खेळला, हे खरंच आहे. पण 1987 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याची निवड बाराव्या क्रमांकावर झाली होती, हे मुलं सांगत नाहीत. म्हणजे तो कुणाच्या नजरेतून सुटलेला हिरा नव्हता, तेव्हाच सगळ्यांना दिसत होता. तुमचा मुलगा त्या जातीचा असता तर एव्हाना एजंटांचे फोन सुरू झाले असते.

आयझेया थॉमस जास्त जवळचा. तोही पाच नऊ, 2011 मध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा, सॅक्रामेंटोने घेतलेला. (2013 मध्ये हा संघ आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिव्यांच्या गटाने विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी थॉमस फिनिक्सला गेला. मला त्याची अजून हळहळ वाटते.) पुढे बोस्टनकडून 2016-17 मध्ये सामन्यामागे 28.9 गुण. मग खुबा दुखावला, त्याच उन्हाळ्यात बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं आणि तो वेग काही परत आला नाही. उंच खेळाडूचं अर्धं पाऊल मंदावलं तरी उंची शिल्लक राहते. बुटक्याच्या गाठीला दुसरं काही नसतं. बाबांची काळजी उगाच नाही.

आता तुमच्या मुलाकडे येतो. आठ असिस्ट (ज्यांवर गुण झाले असे पास), चार टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) वगैरे आकडे तुम्ही अभिमानाने लिहिलेत, पण मी पाहत होतो ती दुसऱ्या सामन्यातली शेवटची चार मिनिटं. समोरच्यांनी तीनदा एकच डाव टाकला. तुमचा मुलगा ज्याला धरून होता त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे आडवं उभं राहून बचावपटूची वाट अडवायला, बोलावलं, आणि बचावातल्या अदलाबदलीत तुमचा मुलगा आला साडेसहा फुटी फॉरवर्डसमोर. पहिल्यांदा त्या गड्याने पाठ लावली, दोन धक्के दिले आणि डोक्यावरून आरामात चेंडू टाकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र तुमचा मुलगा त्याच्या मागे उभाच राहिला नाही. पुढे आला आणि पास मधल्या मधे हिसकावला. मी ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं. हे शिकवून येत नाही.

पण शेवटच्या मिनिटात काय झालं? बचावाची पाळी आली की शिट्टीसरशी कोच त्याला बाकावर बसवून सहा फूट चारचा मुलगा आत पाठवत होता, आणि चेंडू आपल्याकडे आला की हा परत आत. कोचने तोंडाने कितीही कौतुक केलं तरी खरं मत हे आहे. व्यावसायिक संघात असला अर्धवेळ गार्ड सहसा कुणी ठेवत नाही.

दुसरी खोट: तो उडी मारतो आणि हवेत गेल्यावर पास कुणाला द्यायचा ते शोधतो. टर्नओव्हर तिथूनच येतात. आणि त्याच्याकडे फ्लोटर नाही. उंच बचावपटूच्या बोटांवरून धावता धावता अलगद सोडायचा तो चेंडू पाच नऊच्या माणसाची भाकरी असते. त्या सामन्यात त्याचे दोन लेअप, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून टाकलेले चेंडू, अडवले गेले, दोन्ही वेळा फ्लोटरचीच जागा होती.

एक मोजमाप तुम्ही घरीच घ्या. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. आपल्या आज्या याला वाव म्हणायच्या. उंचीपेक्षा वाव चार-पाच इंचांनी जास्त भरला तर बचावात तो वाटतो तितका छोटा नाही.

एनबीए म्हणजे 30 संघ गुणिले 15 जागा. तिथला दरवाजा मला बंदच दिसतो, स्पष्ट लिहितो. पण व्यावसायिक बास्केटबॉल तिथे संपत नाही. टी. जे. शॉर्ट्स हे नाव मुलाला ठाऊक असेल. हाही पाच नऊ. आधी ज्युनिअर कॉलेज (तिकडचं, दोन वर्षांचं), मग कॅलिफोर्नियातलं डेव्हिस विद्यापीठ, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. लॅटव्हियापासून सुरुवात केली, 2023 मध्ये जर्मनीतल्या बॉनला बास्केटबॉलची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, 2024 मध्ये पॅरिसला युरोकप, आणि पुढच्या हंगामात थेट युरोलीग, म्हणजे युरोपातली सर्वांत वरची स्पर्धा. एनबीएचा एकही सामना न खेळता. अर्थात तोही वरचाच नमुना. खालच्या लीगमध्ये घर मिळतं, जेमतेम पगार मिळतो आणि कधी तोही थकतो. असे इतके वाद होतात की फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, त्यासाठी वेगळा लवाद ठेवलाय.

इंटर्नशिप घ्यावी, असं माझं मत. तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा हाच बँकेच्या नोकरीचा मुख्य दरवाजा, तो दुसऱ्यांदा उघडेलच असं नाही. त्याला जे हवंय ते, म्हणजे पाय-कंबरेची ताकद आणि रोजचे दोनशे फ्लोटर, पहाटे साडेपाचला जिममध्ये होतं. झोप कमी होईल, होऊ दे. युरोपातले क्लब बहुतेक शेवटच्या वर्षाचे सामने बघून घेतात.

त्याआधी त्याने कोचला एकट्याने भेटून एवढंच विचारावं: "शेवटच्या मिनिटात मला बाहेर का बसवता, आणि काय दिसलं तर ठेवाल?" तुम्ही सोबत जाऊ नका.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की पहिल्या अटीतटीच्या सामन्याची शेवटची दोन मिनिटं मला पाठवा. बाकीचा सामना नको.

आपला,
करिअर मार्गदर्शक