टेनिसच्या बुटांत गादी किती असावी?

प्रश्न : मी ५३ वर्षांची असून दादरला राहते. कॉलेजात असताना टेनिस खेळत असे. त्यानंतर पंचवीस-एक वर्षे रॅकेट हातात धरली नाही. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली असून आठवड्यातून तीन दिवस सकाळी सिमेंटच्या कोर्टवर डबल्स खेळते. मुलाने भरपूर गादीचे, धावण्यासाठी असतात तसले महागडे बूट आणून दिले आहेत. चालताना ते फार सुखाचे वाटतात. पण कोर्टवर दोनदा घोटा मुरगळता मुरगळता राहिला, आणि हल्ली सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाच दुखते. दुकानात टेनिसचे बूट पाहिले, तर ते हाताला कडक लागले. या वयात असे कडक बूट घ्यावेत का? की आहेत त्याच बुटांत जेलची गादी घातली तर चालेल?
— एक वाचक, दादर

उत्तर : तुमच्या मुलाने आणलेले बूट वाईट नाहीत, ते वेगळ्या हालचालीसाठी बनवलेले आहेत, एवढेच. धावणारा माणूस एकाच दिशेने जातो आणि त्याचे पाऊल पुनःपुन्हा जवळजवळ त्याच पद्धतीने जमिनीवर पडते, म्हणून त्याच्या बुटाची टाच उंच आणि गादी जाड ठेवली तरी बिघडत नाही. टेनिसचे तसे नाही. डबल्सचे कोर्ट १०.९७ मीटर रुंद असते आणि त्यातला निम्माच भाग तुमच्या वाट्याला येतो. म्हणजे चार-पाच पावले टाकायची, थांबायचे, वळायचे आणि परत जागेवर यायचे, असा हा खेळ आहे. उजवीकडे धावत जाऊन फोरहँड मारण्यासाठी तुम्ही थांबता, तेव्हा अंगाचा बहुतेक भार उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. तिथे फोम उंच आणि मऊ असेल, तर नेमकी तीच कड दबते, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडते आणि घोटा मुरगळतो. चालताना तुम्हाला जे सुख वाटते, तेच कोर्टवर तुमचा तोल घालवते आहे.

मऊपणा आणि धक्का सोसण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बूट घेताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. साधे धावतानाही पाऊल टेकते त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर जमिनीकडून पायावर येतो. हा जोर सोसायला बुटाचा मधला थर हळूहळू दबला पाहिजे आणि लगेच पुन्हा वर आला पाहिजे. फार मऊ थर पहिल्याच झटक्यात पूर्ण दबून जातो, आणि त्यापुढचा धक्का थेट टाचेच्या हाडाला बसतो. जुन्या कापसाच्या गादीवर बसताना खालची फळी लागते, तसाच हा प्रकार आहे. टेनिसच्या चांगल्या बुटात हा थर बहुधा ईव्हीए किंवा पॉलियुरेथेन या फोमचा असतो. ईव्हीए हलका असतो, तर पॉलियुरेथेन थोडा जड पण जास्त टिकाऊ. जेलच्या किंवा हवेच्या पिशव्या काही बुटांत जोडीला असतात, परंतु मुख्य काम फोमच करतो. म्हणून बोटाने दाबून कडक लागणारा बूट पायाला कडक असेलच असे नाही. तो पायात घालून उड्या मारल्याशिवाय ठरवू नये.

आणखी एक गोष्ट. दुकानात सगळे जण टाच दाबून पाहतात, पण टेनिसमध्ये आपण बराच वेळ चवड्यावर असतो. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्या क्षणी आपण छोटीशी उडी घेऊन चवड्यांवर उतरतो, सर्व्हिस करून पुढे पडतो तेही चवड्यावरच. त्यामुळे चवड्याखाली पुरेसा थर आहे ना, हे टाचेइतक्याच काळजीने पाहावे.

आता प्रत्यक्ष निवड. बूट दोन्ही हातांत धरून ओले फडके पिळावे तसा पिळून पाहा. मधल्या भागात तो सहज पिळला जाता कामा नये. मग टाच आणि टोक धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडल्यासारखा वाकत असेल तर ठेवून द्या. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबली तर ती घट्ट उभी राहायला हवी. सोलची कड बाहेरच्या बाजूने थोडी वर चढून पावलाला कवेत घेते आहे का, हेही पाहा, कारण बाजूला थांबताना पाय बुटाबाहेर घसरू न देण्याचे काम ती कड करते.

बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि खेळतानाही ते तसेच सुजणार असतात. खेळताना घालता तेच जाड मोजे बरोबर न्यावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुमारे एक सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, जागा राहावी. नंतर दुकानातच चार पावले बाजूला सरकून एकदम थांबा, दोन्ही दिशांना. बोटे पुढे आपटली, टाच वर उचलली गेली किंवा पाऊल आतल्या आत सरकले, तर तो बूट तुमचा नव्हे. चारचौघांत असे करायला संकोच वाटतो, याची मला कल्पना आहे, पण मेट्रो सिनेमाजवळच्या धोबीतलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत खेळाडू नेहमीच असे करून पाहतात. ऑनलाइन कदाचित स्वस्त मिळेल. तरी पहिली जोडी पायात घालून पाहूनच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

मापाबद्दल सावध राहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रिटिश नंबर चालतो आणि त्यात एका नंबरचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. अमेरिकन नंबर त्याहून वेगळा असल्याने ‘माझा सहा नंबर’ एवढे सांगून भागत नाही. बुटाच्या जिभेवर सेंटीमीटरमध्ये लिहिलेले माप पाहावे. पाऊल रुंद असेल तर लांबीने मोठा नंबर घेऊन ती अडचण सुटत नाही, उलट पाऊल आत घसरू लागते. स्त्रियांच्या बुटांत नेहमीच्या रुंदीला ‘बी’ आणि रुंद पावलासाठी ‘डी’ असे अक्षर असते, ते मागून घ्या.

जेलच्या गादीविषयी. मूळचा आतला तळ न काढता वर आणखी एक गादी घातली, तर टाच अधिक उंच होते, बूट घट्ट होतो आणि तोल आणखी बिघडतो. टेनिसच्या बुटात मूळचा तळ काढून त्याजागी चांगला तळ घालणे योग्य आहे, परंतु आहेत त्या बुटांचा डळमळीतपणा त्याने जाणार नाही. सकाळच्या पहिल्या पावलांना टाच दुखणे हे बहुधा तळपायाच्या जाड पट्ट्याला सूज आल्याचे लक्षण असते. बुटांनी त्याला मदत होईल, उपचार होणार नाही. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि ते सांगेपर्यंत खेळाचे दिवस कमी करा. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम ते बहुधा सांगतीलच.

सोलची नक्षीही विचारून घ्या. सिमेंटवर ॲक्रिलिकचा थर दिलेल्या कोर्टसाठी जाड, झिजेला टिकणारे रबर लागते. मातीच्या कोर्टसाठी पूर्ण सोलभर माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असते, म्हणजे माती अडकून न बसता पाय हवा तेवढाच घसरतो. बारीक गोळ्यांचा सोल हिरवळीसाठी असतो. सिमेंटवर तो पाहता पाहता झिजतो. काही कंपन्या निवडक बुटांच्या सोलवर सहा महिन्यांची हमी देतात, ती भारतात लागू आहे का हे बिलाच्या वेळीच विचारावे. मुलाने दिलेले बूट मात्र टाकू नका; शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला ते उत्तम आहेत.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे आणि आठवड्यातून पाच दिवस टेनिसच्या सरावाला जाते. दर सहा महिन्यांनी बूट आखूड होतात, म्हणून या वेळी दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस भरावा, असे घरी सुचवले आहे. ते बरोबर आहे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. दोन नंबर म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. एवढ्या मोकळ्या बुटात पाऊल प्रत्येक थांबण्याला पुढे सरकते, नखे आपटून काळी पडतात आणि बूट ज्या ठिकाणी वाकायला हवा तिथे न वाकता भलतीकडेच वाकतो. खर्चाची तुमची चिंता रास्त आहे. अशा वयात सर्वांत महाग मॉडेलच्या मागे न लागता मध्यम किमतीचे, पण टेनिससाठीच बनवलेले आणि मापाचे बूट घ्यावेत व दर दोन-तीन महिन्यांनी पुढची जागा बोटाने तपासावी. या वयात टाचेच्या हाडाची वाढ सुरू असते आणि वाढीच्या त्या भागावर सतत ताण आला की खेळल्यानंतर टाच दुखते. मुलगी तशी तक्रार करत असेल, तर ‘खेळात दुखायचेच’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घेतलेले टेनिसचे उत्तम बूट पाठीच्या दुखण्यामुळे कपाटात, खोक्यातच राहिले. परवा घातले आणि दहा मिनिटांत सोलचा भुगा होऊन कोर्टवर पडला. न वापरलेले बूट असे कसे खराब झाले?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुम्ही बूट जपून ठेवले, तरी मुंबईच्या हवेने ते सोडले नाहीत. सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल, तर हवेतील बाष्पाशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बंद कपाटातल्या खोक्यात ती आत शिरते पण लवकर बाहेर पडत नाही. वरून बूट नवाकोरा दिसतो, आतला थर मात्र ठिसूळ झालेला असतो. अंगाचा भार पडताच त्याचा चुरा होतो. ईव्हीएचा असा भुगा होत नाही, पण तोही वर्षानुवर्षांत कडक होतो. सोल चिकटवणारा गोंदही दमटपणाने सुटतो. त्यामुळे हे बूट दुरुस्तीला देऊन उपयोग नाही. बाहेरचा सोल नवा लावता येईल, मधला थर परत येत नाही.

याच कारणासाठी सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारे जुने मॉडेल घेताना खोक्यावरचे लेबल वाचावे. त्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. तीन-चार वर्षांपूर्वीचा माल असेल, तर किंमत कितीही कमी असो, मी तो घेणार नाही.

पावसाळ्यात मैदानी कोर्ट बंद असले, तरी बूट आठवड्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवावेत. भिजले तर आतला तळ आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत व ते दोन-तीनदा बदलावेत. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवले, तर गोंद आणि फोम दोन्ही खराब होतात. वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच घालू नयेत. स्टेशनपासून कोर्टपर्यंत चपला घालून जावे आणि बूट जाळीच्या पिशवीतून न्यावेत, म्हणजे रस्त्यावर सोल झिजणार नाही आणि घामाने ओले झालेले बूट परतीच्या गाडीतच थोडे सुकतील.