खालची कवळी टोचत असेल तर ‘सवय होईल’ एवढं ऐकून परत येऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आईंची वरची कवळी ठीक बसते, खालची जेवताना उचलते, हिरडीला जखमा झाल्यात, बोलताना दात एकमेकांवर आपटतात, आणि डॉक्टर म्हणतात ‘सवय होईल’. शेवटी आईंनी कवळी डबीत ठेवून दिली आणि आता दूधभातावर आहेत. हे सगळं मी भोगलेलं आहे. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे, तेव्हा हे एका कवळीवालीचं मत समजून वाचा. घालायची कशी, काढायची कशी, हे दवाखान्यात दाखवलं असेलच, त्यात शिरत नाही.

आधी एक मान्य करू: खालची कवळी वरचीसारखी घट्ट बसतच नाही. वरची अख्ख्या टाळूला लाळेच्या पातळ थराने चिकटते, कडेने हवा आत शिरत नाही. खालचीला मध्ये जीभ असल्यामुळे धरायला जागाच थोडी. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालचं जास्त झिजतं. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 25 वर्षांत खालची झीज वरच्याच्या साधारण चौपट निघाली होती. त्यामुळे थोडं हलणं, सुरुवातीला लाळ जास्त सुटणं, तोंड भरल्यासारखं वाटणं, उच्चार जड होणं, याची सवय खरंच होते. जखमेची होत नाही. जखम म्हणजे कवळी कुठेतरी नको तिथे दाबतेय, आणि ती जागा शोधणं हे डॉक्टरांचं काम आहे, आईंच्या सहनशक्तीचं नाही.

माझं नुकसान केलं ते एका चकचकीत दवाखान्याने. नाव लिहीत नाही. दात काढल्यावर हिरड्या नीट भरायच्या आत माप घेतलं आणि मेणाची ट्रायल केलीच नाही. कवळी पक्की होण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात, ती ही ट्रायल. ओठ सहज मिटतात का, दात किती दिसतात, चावा दोन्ही बाजूंनी सारखा लागतो का, हे सगळं तेव्हाच कळतं, कारण मेणातले दात हलवता येतात. ‘तुमची एक फेरी वाचवतो’ म्हणाले. त्या वाचवलेल्या फेरीपायी मी कितीतरी महिने दुखणं काढलं. तक्रार घेऊन गेलं की कवळी हातात घेऊन कुठेतरी घासायची, तोंडात बघायचंसुद्धा नाही, आणि बाहेर पाठवताना तेच, ‘आजी, सवय होईल’. पूर्ण पैसे आगाऊ घेतलेले होते. म्हणून माझा आग्रह आहे की नवी कवळी करायची वेळ आली तर ट्रायलशिवाय पुढे जाऊ देऊ नका आणि शेवटचा हप्ता दुरुस्तीच्या फेऱ्या झाल्यावरच द्या. सगळेच दवाखाने असे असतात असं नाही, पण विचारायला संकोच करू नका.

फरक कळला तो सरकारी दंत महाविद्यालयात. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी पेस्ट पातळ लावली, कवळी तोंडात बसवून दाबली आणि काढली. सगळीकडे पांढरं, एका ठिकाणी मात्र पेस्ट पुसून गुलाबी प्लास्टिक दिसत होतं. माझी जखम बरोबर तिथेच होती. तेवढीच जागा तिने घासली. मग मला ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट’ म्हणायला लावलं. स म्हणताना वरचे-खालचे दात जवळ येतात, पण टेकायला नकोत. माझे टकाटक आपटत होते, म्हणजे चाव्याची उंची, दात मिटल्यावर दोन जबड्यांमध्ये राहणारं अंतर, जास्त. तिचे सर येऊन बघून गेले. उंची जास्त असली की जबड्याला आराम मिळत नाही आणि हिरडी सगळीकडे ठणकते. ते नुसत्या घासण्याने भागण्यासारखं नव्हतं, दात नव्याने लावावे लागले. घरी आईंना हे आकडे म्हणायला लावून बघा. काय बिघडलंय ते तुमचं तुम्ही ठरवू नका, पण आवाज येत असेल तर डॉक्टरांना ‘स म्हणताना दात आपटतात’ असंच सांगा.

दाखवायला नेण्याआधी कवळी निदान काही तास घालून ठेवायला सांगा, सोसवलं तर आदल्या दिवसापासून. डबीतून काढून नेली तर हिरडीवरचा लाल डाग मिटलेला असतो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. घरी कानस किंवा पॉलिशपेपर लावू नका. दात काढून थोडेच महिने झाले असतील तर आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइन करूनही काम होऊ शकतं. आणि कवळी बाजूला ठेवूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीची म्हणून सोडू नका, तपासून घ्या. आई मशेरी लावत असतील तर नक्कीच.

चिकटवायच्या क्रीमबद्दल माझं मत कडक आहे. नीट बसणाऱ्या कवळीला वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके, लग्नकार्याला वगैरे, ठीक. न बसणाऱ्या कवळीत ट्यूब ओतणं चूक. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरून शरीरातलं तांबं कमी झालं आणि नसांना इजा झाली, अशी उदाहरणं आहेत. 2010 मध्ये एका मोठ्या कंपनीने क्रीममधलं जस्त काढूनच टाकलं.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, हे पाळाच. रात्रंदिवस घातली की खाली बुरशी वाढते, टाळू लालभडक होतो. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे, आणि धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा म्हणजे हातातून निसटली तरी तडकणार नाही. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर नाव लिहिलेली झाकणाची डबी द्या. कागदात गुंडाळलेल्या कवळ्या कचऱ्यात जातात.

जेवताना समोरच्या दातांनी तोडायचं नाही, मागून उचलते. पेरूची फोड, आमटीत कुस्करलेली भाकरी, दोन्ही गालांकडे थोडं थोडं. जीभ मागे ओढली की खालची कवळी सुटते, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं ठेवायची सवय करायला सांगा. रोज पेपर मोठ्याने वाचला तर उच्चारही सुधारतात.

एवढं करूनही खालची धरत नसेल तर जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, घालून त्यावर अडकणारी कवळी मिळते. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात लागेल.

तुम्ही मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जवळ असाल तर तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कवळ्या बसवणारा, विभाग विचारा. मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालयही आहे. फेऱ्या जास्त होतात, पण विद्यार्थ्यांचं काम शिक्षक बघतात आणि खर्च बराच कमी. दारिद्र्यरेषेखालच्या, साठीपुढच्या लोकांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळीही मिळते, शिबिराची चौकशी करा. खुर्चीवर बराच वेळ जातो, आईंना खाऊपिऊ घालून न्या, आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर ठेवा. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात कवळी जास्त घासते.