दानात आलेल्या कपड्यांच्या गोधड्या: सुई घेण्याआधी निवड करा

अक्का, तुमच्या मंडळाकडं जुन्या कपड्यांची पोती आणि टेलरकडच्या चिंध्या जमल्यात. अथणी-चिक्कोडीकडं ऊसतोडीला येणाऱ्यांच्या पोरांसाठी त्याच्या गोधड्या करायच्यात, आणि आलेलं सगळं वापरलं तर चालेल का, मशीनवर शिवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळं वापरू नका. खोपीत चूल आणि अंथरूण यांच्यात हातभराचं अंतर असतं. पेट सुतीही घेतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्यामुळं पोराच्या अंगावर घालायचं ते सुतीच, यात माझ्याकडून सूट नाही. ओळखायला कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर आकसतं आणि मागं काळा टणक मणी राहतो. मिक्स कापडही बाजूलाच काढा. त्याच्या पिशव्या होतात, पायपुसणी होतात, वाया काही जात नाही. टेलरकडच्या कातरणात अस्तराचं आणि ब्लाऊजचं कापड बरंच सुती निघतं, ते नीट निवडा. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड नको, टाका घालताना सुरकुत्या पडतात.

गोधडीचा जीव जुन्या लुगड्यात असतो. लुगडं उजेडासमोर धरा, बसण्याच्या जागी विरलेलं लगेच दिसतं. तो भाग आतल्या थराला घ्या आणि काठाकडचा धड भाग वर-खाली लावा. इरकल आलं तर पदर काढून ठेवा. तो वेगळ्या धाग्याचा, रेशमी नाहीतर आर्ट सिल्कचा असतो आणि अंगाच्या सुताबरोबर सारखा आटत नाही. लाल, मरून कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग लागला तर ते गोधडीत नको, पहिल्याच धुण्यात सगळी खराब होते.

थर तीनच. लोक मायेनं पाच-सहा थर घालतात, जुनी जीन्स भरतात, आणि ती वाकळ ओली झाली की एका बाईला उचलत नाही. तोडीवरून दमून आलेल्या बाईनं ती पिळायची कशी? धुता येत नाही म्हणून न धुताच वापरली जाते आणि एका पोराची खरूज दुसऱ्याला लागू शकते.

मशीनचं म्हणाल तर तुकडे जोडायला खुशाल वापरा. थर मात्र हातानं धावदोऱ्यानं धरा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवून. दोरा सुतीच घ्या, पॉलिस्टरचा पक्का दोरा जुन्या कापडाला कापत जातो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंद नावाची त्यांची गोधडी करतात ती पद्धत तुमच्या कामाला फार सोयीची आहे. एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं तुकडा ठेवायचा, टाके घालायचे, पुढचा तुकडा ठेवायचा, असं फिरत फिरत मधोमध यायचं. आधी सगळे तुकडे एका मापाचे कापायला लागत नाहीत, आणि चार-पाच जणी भोवती बसून एकाच गोधडीवर काम करू शकतात. कोपऱ्यांवर त्या घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. दानाची आहे म्हणून ते गाळू नका. देखणी गोधडी लोक जपून वापरतात.

माप ठरवण्याआधी त्या वस्तीवरच्या बायकांना विचारून या. लहानग्याला ३ बाय ४ फूट पुरतं, पण बऱ्याच खोप्यांत आई दोन पोरांना घेऊन एकाच पांघरुणात झोपते. तिथं ५ बाय ६ ची एक गोधडी छोट्या दोनांपेक्षा कामाची.

आणि आत्तापासून वेळ धरा. बेळगावच्या पावसात काही वाळत नाही, तेव्हा धुणं-वाळवणं मे महिन्यात उरका, जून ते सप्टेंबर टाके घाला. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात. गोधड्या तेव्हाच पोचवा, कडाक्याची थंडी पडायची वाट बघू नका.