वाचक विचारतात : टेम्सवरची स्पीडबोट, आईला बसवू का?

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आईबाबा आमच्याकडे लंडनला येतायत. नवऱ्याने उत्साहात लंडन आय या मोठ्या पाळण्याजवळच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या स्पीडबोटीची चार तिकिटं हेरून ठेवलीयेत. बाबा ६८ चे पण ठणठणीत, ते कधीच तयार झाले. आईला मणक्याचा जुना त्रास आहे, पण ती म्हणते मी काय काठावर पर्सा सांभाळत बसू का! काय करू? – एक वाचक, माहेर डोंबिवली

उत्तर : बाबांना खुशाल बसव, आईला नको. उत्तर खरं तर इथेच संपलं, पण आईला पटवायचंय म्हणून कारण सांगते. या बोटींना रिब म्हणतात, तळ कडक आणि कडेने हवा भरलेली जाड रबरी नळी, माणसं बारा, आणि बसायला समोर दांडा धरायची सीट. नदी शांत दिसते ना, पण समोरून एखादी मोठी कॅटमरान (दोन सांगाड्यांची प्रवासी बोट) गेली की तिच्यामागे लाटांची रांग येते आणि ती रिब तशीच वेगात त्या लाटांवरून जाते, म्हणजे बोट उचलली जाते आणि धप्पकन आपटते, आणि तो दणका सीटमधून थेट कंबरेत. पुढच्या रांगेत सगळ्यात जास्त. इंग्लंड-वेल्समधल्या ब्रिस्टल चॅनेल या खाडीत २००८ साली अशाच मजेच्या फेरीत एका बाईंच्या मणक्याचं हाड मोडलं होतं, त्याची सरकारी चौकशी झाली. म्हणून तर पाठदुखीवाले आणि गरोदर बायका यांना घेत नाहीत, बुकिंग करताना वाचलं असशीलच (कोणी वाचत नाही, मला माहितीये).

मग आईचं काय? तिला उबरच्या नावाने चालते ती टेम्स क्लिपर ही प्रवासी बोट दाखव. आपल्या गेटवे-मांडवा कॅटमरानची श्रीमंत बहीण समज, आत काचा, कॉफी, बाथरूम, आणि ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचं कार्ड टेकवून चढायचं. तीही पूर्वेकडे गेली की चांगलीच सुसाटते, मागच्या उघड्या डेकवर उभं राहिलं तर केस विस्कटतातच. एकाने आईला क्लिपरने ग्रीनिचला न्यायचं, बाकीच्यांनी रिबमध्ये ओरडून यायचं आणि तिथे भेटायचं, असं मात्र करू नका, कारण बहुतेक रिब जिथून निघते तिथेच परत आणून सोडते. आधी रिब उरकून मग सगळ्यांनी मिळून क्लिपर. ग्रीनिचला उतरल्या उतरल्या १८६९ ची कटी सार्क उभी आहे, चहा वाहून आणणारं शिडाचं जहाज. वेधशाळेचा चढ आईला झेपेल का ते बघ, तिथे शून्य रेखांशावर एक पाय इकडे एक तिकडे करून फोटो काढल्याशिवाय मराठी माणूस परतत नाही.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्हीही बसलो होतो. जाहिरातीत पाणी उडवत जाणारी बोट, आणि प्रत्यक्षात टॉवर ब्रिजपर्यंत नुसती रांगत गेली, गाइड जोक मारत बसला. पैसे काढायचे धंदे की काय? – पुणे

उत्तर : पुणेकरांना शंका येणारच! पण नाही हो, तो नियम आहे. मध्य लंडनमध्ये नदीवर १२ नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. पूल दाटीवाटीने, वर मालाचे तराफे, पर्यटक बोटी, त्यात काठाला बांधलेल्या होड्या, तिथे लाटा उडवून चालणार नाही. टॉवर ब्रिज ओलांडून वॉपिंगला नदी पोलिसांचा धक्का मागे पडला (हे पोलीस दल १७९८ पासूनचं) की परवाना असलेल्या बोटींना मोकळीक मिळते. तिथे गाइड जोक थांबवतो, लाइफ जॅकेटचे पट्टे तपासतो, मोठ्याने गाणं लावतो, आणि मग ३० नॉट, म्हणजे साधारण ताशी ५५. आकडा ऐकून काही वाटत नाही, एक्सप्रेसवेवर याच्या दुप्पट जातो आपण, पण पाण्यापासून हातभर उंचीवर बसून आयल ऑफ डॉग्ज या भागाला वळसा घालणारं नदीचं वळण घेताना बोट कलते तेव्हा कळतं.

आणि माझं विचाराल तर त्या संथ भागाचेच पैसे वसूल होतात. वॉपिंगलाच चाचेगिरी करणाऱ्यांना फाशी द्यायचे, कॅप्टन किडला १७०१ मध्ये दिली तेव्हा पहिल्यांदा दोर तुटला, मग दुसऱ्यांदा चढवला. जरा पुढे तुमच्या बोटीखालून रेल्वे जात असते, १८४३ मध्ये उघडलेल्या, ब्रुनेल या इंजिनिअरच्या बोगद्यातून, नदीखाली असा बोगदा खणायचं काम जगात त्याआधी जमलं नव्हतं. वेगात गेलं की यातलं काय दिसणार, नुसत्या कॅनरी वॉर्फच्या ऑफिसांच्या उंच इमारतींच्या काचा.

प्रश्न : पाणी एवढं चहासारखं का दिसतं? अंगावर उडालं तर काही होईल का?

उत्तर : मुंबईकरांना भरती-ओहोटी नवी नाही, पण लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी जवळजवळ ७ मीटर वरखाली होतं, दिवसातून दोनदा तळाचा गाळ ढवळला जातो, म्हणून तो रंग. घाण म्हणून नव्हे. १९५७ मध्ये नदी मेलेली म्हणून जाहीर केली होती, आता सील हे प्राणी दिसतात, आणि जोराच्या पावसात नदीत जाणारं मैलापाणी अडवायला २५ किलोमीटरचा बोगदा बांधलाय, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला. तरी पिऊ नका. थोडे शिंतोडे उडतात, घरी जाऊन हात-तोंड धुवा.

प्रश्न : साडी चालेल का? आणि आमच्या बोटीसाठी टॉवर ब्रिज उघडतील ना?

उत्तर : साडी नको, पदर वाऱ्याला सापडला की तुम्ही नदी बघणार की पदर? पँट किंवा सलवार, वरून जॅकेट अगदी जुलैतसुद्धा, चष्म्याला दोरी. मोबाइल आतल्या खिशात, चेन लावून. पूल नाही उघडणार, एवढीशी बोट खालून आरामात जाते, तो उंच डोलकाठीच्या जहाजांसाठी वर जातो आणि त्यांनाही २४ तास आधी कळवावं लागतं.