सोळा वर्षांच्या पुतण्याने नववीत शाळा सोडली. निवासी संस्थेत ठेवून काही उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की गाव वडवणीकडचं, भाऊ-वहिनी ऊसतोडीला जातात आणि पोरगं दिवसभर पारावर मोबाइल घेऊन बसतं. मी अंबाजोगाईकडे एका वसतिगृहात गृहपाल आहे, अशीच पोरं सांभाळतो. उपयोग होतो. पण नुसत्या ‘कडक शिस्तीची’ जागा शोधत असाल तर तो नाद सोडा. धाकानं राहिलेलं पोरगं पहिल्या सुट्टीला जातं ते जातंच.

आधी वयाचं बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. कस्तुरबा गांधी विद्यालयं, म्हणजे सरकारी निवासी शाळा, फक्त मुलींची. आणि सोळाव्या वर्षी, मिसरूड फुटल्यावर, लहान पोरांच्या बाकावर तो काही बसायचा नाही.

दहावी बाहेरून होते. एक तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून बसणाऱ्यांचा), नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. एनआयओएसला पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, एकेक विषय काढता येतो आणि गणित सक्तीचं नाही. (पुढं पॉलिटेक्निकचा विचार असेल तर मात्र गणित ठेवा.) शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढून आणा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघा. आमच्याकडे फॉर्मच्या दिवसांत निम्मी धावपळ त्या एका कागदापायी होते.

राहायला म्हणाल तर मला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पटतो. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथं वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे: वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरं, सगळं हातानं करून शिकायचं. शाळेत ‘ढ’ म्हणून मागं बसवलेलं पोरगं फेब्रिकेशनच्या शेडमध्ये मापं घेताना गुणाकार आपसूक करायला लागतं. लांब वाटत असेल तर जवळच्या आयटीआयत चौकशी करा, वायरमन-वेल्डरसारख्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतो.

खरी गोची मात्र दसरा-दिवाळीला असते. ऊसतोडीत मजूर कोयत्यावर मोजतात: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं पोरगं म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यात पोराचा अर्धा कोयता धरलेला असला की सणाला घरी गेलेलं पोरगं थेट उसाच्या फडात दिसतं. त्यानंतर घरचे त्याचं लग्न लावून पूर्ण कोयता करायच्या मागं लागतात.

म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा फी आणि जेवण तर विचाराच, पण दिवाळीत पोरं कुठं राहतात, रात्री त्यांच्यासोबत कोण झोपतं आणि एखादं पळालं तर त्याला आणायला कोण जातं, हेही विचारा. पुतण्याला सोबत न्या. तिथल्या पोरांशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर चहा प्या. आणि भावाला आजच फोन करून सांगा, यंदाच्या उचलीत पोराला धरू नको.